रुग्णाचा पत्ता आणि सरहद्दीचा पहारा : अमेरिकेतील स्थलांतरितांच्या आरोग्यसेवेचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

दवाखान्यात गेलेल्या माणसाकडून दोन प्रकारची माहिती घेतली जाते. एक त्याच्या शरीराविषयीची : ताप किती दिवसांपासून आहे, खोकल्यातून रक्त पडते काय, घरात आणखी कोणी आजारी आहे काय. दुसरी त्याच्या ओळखीविषयीची : नाव, जन्मतारीख, राहण्याचा पत्ता, पैसे कोण भरणार. पहिली माहिती उपचारासाठी लागते, दुसरी बहुतेक वेळा कचेरीसाठी. ज्याच्याजवळ देशात राहण्याचे कागद धड नाहीत अशा माणसाची अडचण या दुसऱ्या माहितीपासून सुरू होते. डॉक्टरांना सांगितलेला पत्ता दवाखान्यातच राहील की इमिग्रेशन खात्याच्या हाती जाईल, याची त्याला खात्री नसेल तर तो पहिली माहिती द्यायलाही येत नाही. आजार अंगावर काढतो, आणि आजार संसर्गजन्य असेल तर तो एकट्याचा राहत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०२५ पासून या प्रश्नावर जे खटले चालले, त्यांमुळे हा प्रश्न अगदी ताजा असल्याचा समज होतो. वस्तुतः तो सव्वाशे वर्षे जुना आहे, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईच्या भायखळ्यापर्यंत येऊन पोचतो. म्हणून तेथूनच आरंभ करणे सोयीचे होईल.

मुंबईची लस, सॅन फ्रान्सिस्कोची नाकेबंदी

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे. त्यानंतर मुंबई-पुण्यात जे घडले ते आपल्या वाचकांना परिचित आहे. घरोघरी झडत्या, संशयितांना उचलून रुग्णालयात नेणे, घरातील सामान जाळणे, प्रवाशांची स्थानकांवर तपासणी, आणि या सर्वांना अधिकार देणारा ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा. लोकांच्या मनात रुग्णालय म्हणजे उपचाराची जागा न राहता पकडून नेण्याची जागा झाली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील विणकर मुसलमानांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. पुण्यात रँड यांची हत्या झाली ती २२ जून १८९७ रोजी. या घटनांचा अर्थ राजकीय इतिहासात पुष्कळ लावला गेला आहे. पण त्यांच्या मुळाशी एक अगदी साधी घरगुती गोष्ट होती. लोक रुग्ण लपवू लागले होते. माळ्यावर, कपाटाआड, शेजाऱ्याच्या घरात. सरकारलाही ते उमगले. जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीने मुंबईत निरनिराळ्या जमातींना आपापली प्लेग रुग्णालये काढू दिली, आणि १८९८ नंतर सक्तीचा जोर हळूहळू कमी करण्यात आला.

याच काळात वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. साडेतीन वर्षांच्या आत ही लस पॅसिफिक महासागराच्या पलीकडील किनाऱ्यावर अटकावाचे साधन म्हणून वापरली जाईल, असे हाफकिन यांच्या स्वप्नातही आले नसेल.

मार्च १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये एका तळघरात एका चिनी कामगाराचा मृतदेह सापडला. लक्षणे प्लेगची होती. दुसऱ्याच दिवशी त्या संपूर्ण वस्तीभोवती दोरखंड बांधून पोलीस उभे करण्यात आले. विशेष असे की वस्तीतील गोऱ्या लोकांना बाहेर जाऊ दिले गेले. ही पहिली नाकेबंदी दोन-तीन दिवसांतच उठली, पण खरी कसोटी पुढे मे महिन्यात आली.

येथे चिनी माणसाची कायदेशीर स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी झाली होती. १८९२ च्या गीअरी कायद्याने आधीपासून राहणाऱ्या चिनी मजुरांवर रहिवासाचा दाखला बाळगण्याची सक्ती केली. दाखला नसेल तर अटक आणि हद्दपारी. म्हणजे चायनाटाऊनमध्ये राहणाऱ्या माणसाला सरकारी अधिकारी दारात दिसला की तो रोग शोधायला आला आहे की कागद तपासायला, हे ओळखण्याचा काही मार्ग नव्हता. घरझडतीला आलेल्या डॉक्टरांसाठी दारे बंद होऊ लागली. आजाऱ्यांना गुपचूप दुसरीकडे हलवण्यात येऊ लागले, मृत्यू लपवले जाऊ लागले. मुंबईचेच चित्र, फक्त माणसे निराळी.

मे १९०० मध्ये संघराज्याचे क्वारंटाइन अधिकारी जोसेफ किन्यून आणि शहराचे आरोग्य मंडळ यांनी हाफकिनची लस पुढे आणली. चिनी व जपानी लोकांना ती टोचून घेतल्याच्या दाखल्याशिवाय शहर सोडता येऊ नये, रेल्वे कंपन्यांनी त्यांना तिकीट देऊ नये, असा हुकूम निघाला. त्यासाठी अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या सरकारचीही मंजुरी मिळाली. लस घेतल्यावर ताप चढे, दंड सुजे, दोन-तीन दिवस काम करवत नसे. चायनाटाऊनमध्ये ती विषारी असल्याची बोलवा पसरली. चिनी वृत्तपत्रांनी विरोध केला, दुकाने बंद झाली, आणि 'सिक्स कंपनीज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी संघटनेने वकील दिले.

न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी 'वाँग वाय विरुद्ध विल्यमसन' या खटल्यात २८ मे १९०० रोजी निकाल दिला. चिनी वंशाच्या लोकांना प्लेग अधिक होतो याला काही आधार दाखवण्यात आलेला नाही, ही लस प्रतिबंधासाठी असून ज्याला संसर्ग झाला असण्याचा संभव आहे त्याला ती देणे धोक्याचे ठरते, आणि निर्बंध एकाच वंशाच्या लोकांवर का, अशी त्या निकालाची दिशा होती. मंडळाने लगेच पुन्हा वस्तीची नाकेबंदी केली. त्यावर एका किराणा दुकानदाराच्या नावाने 'ज्यू हो विरुद्ध विल्यमसन' हा खटला उभा राहिला. १५ जून १९०० रोजी मॉरो यांनी तीही नाकेबंदी बेकायदा ठरवली. तिची रेषा अशी वळवळत आखली होती की चिन्यांची घरे आत आणि त्याच रस्त्यावरची गोऱ्यांची घरे बाहेर राहावीत. शिवाय दहा हजारांवर माणसे एकत्र कोंडून ठेवल्याने रोग आटोक्यात येण्याऐवजी वाढेल, हेही न्यायालयाने नोंदवले. आपल्या पसंतीच्या डॉक्टरांना येऊ दिले जात नाही, ही चिनी रहिवाशांची तक्रार होती. तिचीही दखल घेण्यात आली.

हे दोन्ही निकाल अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात आजही शिकवले जातात. मात्र त्यांकडे केवळ वंशभेदाविरुद्धचे निकाल म्हणून पाहिले जाते, ते मला अपुरे वाटते. त्यांत आणखी एक मुद्दा दडलेला आहे. मंडळाने रोगाचा शोध माणसाच्या शरीरात न घेता त्याच्या पत्त्यात घेतला. अमुक गल्लीत राहतो म्हणून संशयित. पत्ता हाच रोग ठरला की तो लपवणे ही रुग्णाची पहिली गरज होते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. राज्यपाल हेन्री गेज यांनी व्यापार बुडू नये म्हणून प्लेग असल्याचेच नाकारले. १९०१ मध्ये किन्यून यांची बदली झाली. त्यानंतर आलेले रूपर्ट ब्लू यांनी चायनाटाऊनजवळच आपली प्रयोगशाळा थाटली, चिनी दुभाषा घेतला, आणि दमदाटीऐवजी बोलणी सुरू केली. १९०४ पर्यंत चाललेल्या या साथीत १२१ रुग्णांची नोंद झाली व त्यांपैकी शंभरावर दगावले. १९०७-०८ मध्ये प्लेग परत आला तेव्हा बहुतेक रुग्ण गोरे होते. त्या खेपेला वस्तीभोवती दोरखंड बांधले गेले नाहीत, उंदीर मारले गेले.

दुसरी हकीकत चिनी समाजाची. १९०० सालीच त्यांनी सॅक्रामेंटो स्ट्रीटवर 'तुंग वा' दवाखाना काढला. शहरातील रुग्णालये चिनी रुग्णांना घेण्यास नाखूश होती, आणि घेतले तरी तेथे जाण्याची त्यांना भीती वाटे. त्या दवाखान्यातून पुढे १९२५ मध्ये 'चायनीज हॉस्पिटल' उभे राहिले, ते अद्याप चालू आहे. मुंबईतील जमातींच्या प्लेग रुग्णालयांशी याचे साम्य सहज लक्षात येईल. फरक एवढाच की मुंबईतली बहुतेक साथीबरोबर बंद झाली. संस्था चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी या फरकाचा कधी स्वतंत्र अभ्यास करायला हरकत नाही.

फाटकावरचा डॉक्टर आणि शहरातला डॉक्टर

१८९१ च्या अमेरिकन कायद्याने घातक सांसर्गिक रोग असलेल्या परकीयांना प्रवेश नाकारला. १८९२ पासून न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर बोटीतून उतरणाऱ्यांची तपासणी सुरू झाली. जिना चढताना कोणाला धाप लागते, कोण लंगडतो, हे डॉक्टर पाहत आणि संशय आला की कोटावर खडूने अक्षर काढत. हृदयासाठी एक अक्षर, डोळ्यांसाठी दुसरे, मनोविकारासाठी तिसरे. खुपरी शोधण्यासाठी पापणी उलटून पाहत. येथे गुप्ततेचा प्रश्नच नव्हता. रोग अंगरख्यावर लिहिलेला होता आणि तो साऱ्या रांगेला दिसत होता. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्या आपल्याकडील तरुणांना ही पद्धत अपरिचित नाही. व्हिसाआधी छातीचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणी, त्यात दोष निघाला तर प्रवास रद्द. आणि तेथे गेल्यावर परवान्याच्या नूतनीकरणावेळी क्षय वा एचआयव्ही निघाला तर परत पाठवणी, हा अनुभव अनेक घरांनी घेतला आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर, जेथे किन्यून यांचे क्वारंटाइन ठाणे होते, तेथे जानेवारी १९१० मध्ये इमिग्रेशनचे ठाणे उघडले. त्याच वर्षी अंकुशकृमीचा, म्हणजे हुकवर्मचा, समावेश प्रवेश नाकारण्याजोग्या रोगांत करण्यात आला. त्याचा पहिला फटका बसला तो हिंदुस्थानातून येणाऱ्यांना. हे बहुतेक पंजाबातील शीख आणि मुसलमान शेतकरी होते. अमेरिकन अधिकारी सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हणत, ही एक गंमतच. हा रोग थायमॉलसारख्या स्वस्त औषधाने बरा होत असे. तरी अनेकांना त्याच कारणाने परत धाडण्यात आले. औषध देऊन बरे करणे शक्य असताना निदानाचा उपयोग दार बंद करण्यासाठी झाला.

एक भेद येथे करायला हवा. फाटकावरचा डॉक्टर उघडपणे सरकारचा असतो; त्याच्यापुढे उभा राहणारा माणूसही आपण रुग्ण नसून उमेदवार आहोत हे जाणतो. शहरातल्या दवाखान्यात मात्र माणूस रुग्ण म्हणूनच येतो आणि डॉक्टरही त्याला रुग्ण म्हणूनच पाहतो. हिपॉक्रेटसच्या शपथेत गुप्ततेचे जे वचन आहे ते या दुसऱ्या डॉक्टरचे. तीच शपथ अरबी भाषांतरातून इब्न अबी उसैबिआ यांच्या तेराव्या शतकातील वैद्यचरित्रांच्या ग्रंथात उतरली, म्हणजे वचनाची ही परंपरा एका प्रदेशाची नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत वारंवार जे घडले ते असे की शहरातल्या डॉक्टरला फाटकावरचे काम देण्याचा प्रयत्न झाला. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात लॉस एंजेलिस परगण्यात सरकारी मदतीवर असलेल्या मेक्सिकन क्षयरोग्यांना सीमेपलीकडे पाठवण्यात आले, तेव्हा त्यांची नावे मदत आणि आरोग्य खात्यांच्या दप्तरांतूनच मिळाली होती.

दुसऱ्या बाजूने दारे उघडलीही गेली, हे न सांगणे अन्यायाचे होईल. १९६५ मध्ये बॉस्टन आणि मिसिसिपी येथे पहिली सामुदायिक आरोग्य केंद्रे मंजूर झाली. पुढे देशभर पसरलेल्या या केंद्रांत रुग्णाच्या कागदपत्रांची विचारणा न करण्याची प्रथा पडली. १९८६ मध्ये काँग्रेसने कायदा केला की तातडीच्या उपचारासाठी आलेल्या कोणालाही, त्याच्याजवळ पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर केल्याशिवाय रुग्णालयाने बाहेर घालवू नये. हा कायदा स्थलांतरितांसाठी केलेला नव्हता. पैसे नसलेला रुग्ण एका रुग्णालयाने दुसऱ्याकडे ढकलून देण्याची चाल बोकाळली होती, तिच्यासाठी तो होता. पण त्यात नागरिकत्वाची अट नसल्यामुळे कागद नसलेल्या माणसाचा तो सर्वांत भक्कम आधार झाला.

कधीच अमलात न आलेला ठराव

८ नोव्हेंबर १९९४ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १८७ क्रमांकाचा ठराव सुमारे ५९ टक्के मतांनी मंजूर केला. राज्यपाल पीट विल्सन यांचा त्याला पाठिंबा होता. सरकारी पैशावर चालणाऱ्या आरोग्य केंद्रांनी रुग्णाचा कायदेशीर दर्जा तपासावा, कागद नसणाऱ्याला तातडीच्या सेवेखेरीज सेवा देऊ नये, आणि ज्याच्याबद्दल संशय येईल त्याची माहिती राज्य सरकारला व इमिग्रेशन खात्याला कळवावी, असे त्यात होते. शाळांसाठीही अशीच कलमे होती, म्हणून शिक्षकांच्या संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. कॅलिफोर्निया मेडिकल असोसिएशननेही विरोध केला. खिडकीवर बसलेल्या कारकुनाने 'संशय' कशावरून घ्यायचा, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर ठरावाच्या बाजूने कोणी देऊ शकले नाही. चेहरा आणि उच्चार, याखेरीज त्याच्याजवळ दुसरे काय असणार?

न्यायालयाने काही दिवसांतच त्याला स्थगिती दिली. न्यायाधीश मारियाना फेल्झर यांनी डिसेंबर १९९४ मध्ये मनाई हुकूम काढला, १९९७ मध्ये मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली, आणि १९९९ मध्ये नवे राज्यपाल ग्रे डेव्हिस यांच्या कारकिर्दीत राज्याने अपील सोडून दिले. म्हणजे आरोग्याविषयीची कलमे एक दिवसही अमलात आली नाहीत. तरीही मतदानानंतर दवाखान्यांतील गर्दी ओसरली. मानसोपचार केंद्रांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात, तरुण लॅटिनो रुग्णांचे नव्याने येण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे आढळले. लोकांनी कायद्याचा मजकूर वाचला नव्हता. न्यायालयाचा हुकूमही वाचला नव्हता. त्यांनी बातमी ऐकली होती.

मतदानाच्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा एक अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लॉस एंजेलिस परगण्यातील क्षयरोग्यांना विचारण्यात आले की डॉक्टरकडे गेल्यास इमिग्रेशनचा त्रास होईल अशी भीती तुम्हांला वाटत होती काय. होय म्हणणारे फक्त ६ टक्के निघाले. पण हे ६ टक्के लोक उपचाराला दोन महिन्यांहून अधिक उशीर करण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ चौपट होती. आणि उशिराच्या काळात रुग्णामागे घरी व कामाच्या ठिकाणी सरासरी दहा माणसांना संसर्गाचा धोका उद्भवत होता. ज्या दहांना धोका झाला त्यांत नागरिक किती आणि परके किती, हे जंतू पाहत नाही. ही पाहणी १८७ व्या ठरावाच्या मतदानापूर्वीची आहे, हेही ध्यानात ठेवावे.

लागोपाठचे दोन दिवस

ऑगस्ट १९९६ मधील दोन तारखा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. २१ ऑगस्टला अध्यक्ष क्लिंटन यांनी 'हिपा' या लघुनामाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढे त्याखाली तयार झालेले गुप्ततेचे नियम एप्रिल २००३ पासून बंधनकारक झाले, आणि अमेरिकेतील रुग्णाच्या खासगी माहितीचे ते मुख्य कवच मानले जाते. २२ ऑगस्टला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, त्याच अध्यक्षांनी कल्याणकारी योजनांच्या कायद्यावर सही केली. त्याने कागद नसलेल्यांना आणि पुष्कळशा नव्याने आलेल्या कायदेशीर स्थलांतरितांनाही संघराज्याच्या मदतीतून वगळले. शिवाय कोणाच्या इमिग्रेशन दर्जाची माहिती संबंधित खात्याला देण्यास राज्य वा स्थानिक सरकारांना मज्जाव करता येणार नाही, असे कलम त्यात होते. सप्टेंबरमधील इमिग्रेशन कायद्याने त्याला आणखी बळकटी दिली. एका दिवशी दप्तराला कुलूप, दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला फट.

'हिपा'च्या कवचाविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. न्यायालयाचा हुकूम असेल तर, आणि काही विशिष्ट परिस्थितीत तो नसतानाही, रुग्णालयाला माहिती देण्याची मुभा त्या नियमांत आहे. कोणाला अटक करण्यासाठी रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात अधिकारी येऊ शकतो की नाही, याविषयी तो कायदा काहीच बोलत नाही.

मग रुग्णालये सुरक्षित का मानली जात? त्याचे उत्तर कायद्यात नाही, परिपत्रकांत आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याचे प्रमुख जॉन मॉर्टन यांनी शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे अशा 'संवेदनशील जागां'वर सहसा कारवाई करू नये असे पत्रक काढले. ऑक्टोबर २०१३ मध्ये आणखी एक पत्रक निघाले : आरोग्यविम्यासाठी अर्ज करताना दिलेली माहिती इमिग्रेशन कारवाईसाठी वापरली जाणार नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिल्या पत्रकाची व्याप्ती वाढवण्यात आली. समाजसेवक, दवाखान्यांतील दुभाषे, शाळांतील परिचारिका यांनी या पत्रकांच्या भरवशावर घरोघरी जाऊन लोकांना सांगितले की भिऊ नका, अर्ज भरा. २० जानेवारी २०२५ रोजी नव्या सरकारने संरक्षित जागांचे पत्रक रद्द केले. त्यासाठी संसदेत चर्चा लागली नाही, मतदान लागले नाही. जे एका सहीने आले होते ते दुसऱ्या सहीने गेले. परिपत्रकाला हक्क समजण्याची चूक अमेरिकेतल्या भल्या माणसांनी केली, असे म्हणणे कठोर वाटेल. पण घडले ते तसेच.

लंडनमधील वाद आणि २०२५ चा खटला

अमेरिकेतील शेवटच्या टप्प्याकडे वळण्यापूर्वी ब्रिटनमधील एक प्रकरण पाहिले पाहिजे, कारण युक्तिवाद तेथे अधिक स्वच्छ मांडला गेला. राष्ट्रीय आरोग्य सेवेची माहिती सांभाळणारी 'एनएचएस डिजिटल' ही संस्था आणि गृहखाते यांच्यातील सामंजस्य करार जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार गृहखात्याला इमिग्रेशन प्रकरणातील व्यक्तींचा अद्ययावत पत्ता मिळत असे. वर्षभरात ८ हजारांहून अधिक विनंत्या गेल्याचे उघड झाले. सरकारचे म्हणणे असे की आम्ही रोगाविषयी काहीच विचारत नाही, केवळ पत्ता मागतो. पत्ता ही काही वैद्यकीय माहिती नव्हे. सारा वुलस्टन या स्वतः डॉक्टर असलेल्या खासदारांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने २०१८ च्या आरंभी हा युक्तिवाद अमान्य केला. रुग्ण डॉक्टरला पत्ता देतो तो विश्वासाने देतो, तेव्हा तोही गुप्ततेच्या कक्षेत येतो, असे समितीचे मत. मे २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली आणि नोव्हेंबरमध्ये करार मागे घेण्यात आला.

आता अमेरिका. गरिबांसाठीच्या 'मेडिकेड' योजनेत कागद नसलेल्यांना संघराज्याच्या पैशातून फक्त तातडीचे उपचार मिळतात. काही राज्यांनी मात्र स्वतःच्या पैशातून अधिक दिले. कॅलिफोर्नियाने टप्प्याटप्प्याने पुढे जात १ जानेवारी २०२४ पासून सर्व वयोगटांसाठी ही योजना खुली केली. लाखो माणसांनी नाव, जन्मतारीख, पत्ता लिहून अर्ज भरले. जून २०२५ मध्ये उघड झाले की मेडिकेडची व्यवस्था पाहणाऱ्या संघराज्याच्या खात्याने कॅलिफोर्नियासह काही राज्यांची ही माहिती गृहसुरक्षा खात्याला दिली आहे. १ जुलै रोजी २० राज्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दावा लावला. त्याच महिन्यात इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याशी झालेला करारही बाहेर आला. त्यानुसार ७ कोटी ९० लाख लाभार्थ्यांची माहिती पाहण्याची सोय होणार होती. यांत बहुसंख्य अर्थातच नागरिक होते.

न्यायाधीश व्हिन्स छाब्रिया यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये दावेदार राज्यांपुरती या देवाणघेवाणीला मनाई केली. आतापर्यंतच्या धोरणावर लोकांनी विश्वास ठेवला होता आणि खात्यांनी पुरेसा विचार न करताच ते बदलले, हा त्यांचा मुख्य आक्षेप. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस मात्र त्यांनी नाव, पत्ता, दूरध्वनी, जन्मतारीख, नागरिकत्वाचा दर्जा अशी प्राथमिक माहिती देण्यास वाट मोकळी केली. आजार आणि उपचार यांच्या नोंदींवरील मनाई कायम ठेवली. कायद्याच्या शब्दांकडे पाहिले तर हा भेद समजण्यासारखा आहे, आणि १९९६ च्या कायद्यांची चौकट पाहता न्यायाधीशांचे हात किती मोकळे होते हाही प्रश्नच आहे. पण लंडनच्या समितीने जो मुद्दा ओळखला होता तो येथे निसटला. पकडले जाण्याच्या भीतीखाली जगणाऱ्या माणसाला आपला मधुमेह कोणाला कळला याची फिकीर नसते. त्याला लपवायचा असतो तो पत्ताच. १९०० साली चायनाटाऊनच्या रहिवाशालाही तेच लपवायचे होते.

यात मुलांची स्थिती सर्वांत अवघड आहे. अमेरिकेत जन्मलेले मूल नागरिक असते आणि मेडिकेडला पात्र असते. पण त्याच्या अर्जावर घराचा पत्ता लिहावा लागतो, आणि त्या घरात कागद नसलेले आई-बाप राहतात. २०२३ पासून फ्लोरिडात आणि नोव्हेंबर २०२४ पासून टेक्सासमध्ये रुग्णालयांनी रुग्णांना इमिग्रेशन दर्जा विचारावा असे हुकूम आहेत. उत्तर न देण्याची मुभा असली तरी प्रश्न विचारला जातोच. उलट कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२५ मध्ये कायदा करून रुग्णाचा इमिग्रेशन दर्जा आणि जन्मस्थान यांची गणना वैद्यकीय माहितीत केली, आणि रुग्णालयाच्या आतल्या भागात न्यायालयाच्या वॉरंटशिवाय अधिकाऱ्यांना प्रवेश देऊ नये असे ठरवले. मात्र जानेवारी २०२६ पासून त्याच राज्याने पैशाच्या अडचणीमुळे कागद नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी थांबवली. जुन्या अर्जदारांच्या नावा-पत्त्यांची यादी मात्र हा कायदा होण्यापूर्वीच, जून २०२५ मध्ये, वॉशिंग्टनमध्ये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली होती.